सासूबाईंच्या ताब्यातले सांगाडे

माझी बायको लातूरच्या कोर्टात वकिली करते आणि मी एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. लग्न झाल्यापासून आम्ही पाण्याच्या टँकरवरून भांडलो, पंख्याच्या वेगावरून भांडलो, भाजीत कूट किती घालायचं यावरूनही भांडलो. पण सलग तीन दिवस अबोला धरला तो एकदाच, आणि तो सहा सांगाड्यांवरून.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करतंय ते तोंडानं सांगतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. हा फासा सारीपाटाचा नव्हे, वीस बाजूंचा, बोराएवढा. आमच्याकडं गोष्ट चालवायला जळकोटचे डॉक्टर येतात. ते जनावरांचे डॉक्टर. कॉलेजच्या होस्टेलवर हा खेळ शिकले आणि नोकरी लागली तरी सुटला नाही. आठवडाभर म्हशींच्या पोटात हात घालणारा हा माणूस रविवारी दुपारी मोटारसायकलवर आमच्या फ्लॅटवर येतो, हातपाय धुतो, चहा घेतो आणि राक्षस चालवायला बसतो.

माझं पात्र म्हणजे एक म्हातारा मांत्रिक. तो जमिनीतून सांगाडे बोलावतो. बायकोचं पात्र रानात राहणारी बाई. ती भुंगे बोलावते, रेडकाएवढे एकेक. तिनं ते पात्र दीड वर्ष जपलं होतं. तिच्या झोळीत काय आहे, कुठल्या पायाला जुनी जखम आहे, सगळं तिला पाठ. आमच्या दोघांचीही फौज बिनडोक. ही शिवी नव्हे, नियमच तसा आहे. बोलावलेल्याला एक हुकूम द्यायचा. दुसरा मिळेपर्यंत तो पहिलाच पाळत बसतो. त्याला भूक नाही, भीती नाही, ओळखपाळख नाही.

त्या रविवारी आम्ही एका किल्ल्यात शिरलो होतो. आत एक दुष्ट जादूगार बसलेला. मी आधी आत गेलो आणि मागून त्याचे शिपाई येऊ नयेत म्हणून दारात सहा सांगाडे उभे केले. हुकूम दिला, "या दारातून कुणालाही आत येऊ देऊ नका." बायको अजून बाहेर अंगणात लढत होती. तिला वाटलं, आत मी एकटाच सापडलोय. तिनं चांगल्या मनानं आठ भुंगे बोलावले आणि सांगितलं, "दारातून आत जा आणि जादूगाराला चावा." ती स्वतः त्यांच्याही पुढं धावली. तेवढ्यात जादूगारानं गुंगीचा धूर सोडला. मी आत आडवा झालो, ती बरोबर उंबऱ्यावर आडवी झाली.

म्हणजे हुकूम बदलणारे दोघंही बेशुद्ध. दारात सहा सांगाडे, दारासमोर आठ भुंगे, मध्ये माझी बायको.

डॉक्टरांनी टेबलावरचे खडूचे तुकडे आणि चिंचोके बघितले. खडू म्हणजे सांगाडे, चिंचोके म्हणजे भुंगे. बायकोच्या पात्राच्या जागी एक हिरवं बटण. त्यांनी फासा टाकला, परत टाकला, आणि हळहळून म्हणाले, "भिडले वहिनी. सांगाडे आणि भुंगे एकमेकांना भिडले. त्या झटापटीत तुम्ही पायाखाली गेलात. संपलं."

"संपलं म्हणजे?"

"म्हणजे मेलात."

बायको उठली. आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्याच्या सांगाड्यांनी मला मारलं?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, "त्यांनी हुकूम पाळला. तुझे भुंगे घुसायला नको होते."

"माझ्या भुंग्यांनी तुझ्या एकाला तरी चावलं का? त्यांना फक्त आत जायचं होतं. हात आधी कुणी उचलला?"

"येऊ देऊ नका म्हटल्यावर हात उचलणारच की."

"दोन्ही फौजा आपल्याच होत्या. त्यांचं वैर काय होतं?"

"त्यांना आपलं-परकं कळत नाही."

"मग राग तरी कशानं आला त्यांना?"

मी फक्त आवाज चढवला. डॉक्टर म्हणाले, जळकोटला एक गाय अडली आहे, निघतो. गाय खरंच अडली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. जाताना दारातून म्हणाले, "वहिनी, पटत नसंल तर पुढच्या रविवारी परत बघू." बायको म्हणाली, "बघू नाही. मी अपील करणार."

त्यानंतर ते तीन दिवस. ती डबा भरायची, टेबलावर आदळायची आणि जायची. भांड्यांच्या झाकणांचा आवाज वाढला. मी क्लासमध्ये पोरांना मेंदूचे भाग शिकवताना मध्येच थांबायचो आणि विचार करायचो, की ज्याला मेंदूच नाही त्यानं दुसऱ्या मेंदू नसलेल्याला मारायचं कारण काय? बायकोचा मुद्दा बरोबर होता. पण ते जाऊन सांगायचं धाडस होत नव्हतं. चौथ्या दिवशी गॅस संपला, सिलिंडर फिरवायला तिला एकटीला जमेना, आणि बोलणं सुरू झालं. सांगाड्यांचा विषय मात्र दोघांनीही टाळला.

या सगळ्यात एक गोष्ट घडली, जी मला नंतर कळली. त्याच आठवड्यात बायको कोर्टाच्या पायऱ्या चढत असताना नांदेडहून तिच्या आईचा फोन आला. माझ्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. पोरीचा आवाज त्यांना एका शब्दात कळतो. त्यांनी विचारलं, "अशी का बोलायलीस? काही झालंय का?"

आणि माझी हुशार बायको, हातात फाईल, काखेत कोट, म्हणाली, "काही नाही गं आई. रविवारी ह्यांनी मला मारलं. आणि वर म्हणतात, चूक तुझीच. पण मी सोडत नसते." तेवढ्यात आत तिच्या प्रकरणाचा पुकारा झाला. तिनं फोन बंद केला आणि विसरून गेली.

सासूबाई विसरल्या नाहीत. त्यांनी परत फोन केला नाही, कारण फोन माझ्या हातात असला तर, अशी त्यांना शंका. मलाही केला नाही. त्यांनी मुदखेडजवळच्या गावी राहणाऱ्या आपल्या भावाला फोन केला. हे मामा शेती करतात आणि पंचक्रोशीत कुठं बांधावरून, वाटणीवरून, पाण्याच्या पाळीवरून वाद झाला की बैठकीला मामांना नेतात. दोघांनी ठरवलं, रविवारी जायचं. रविवारी जावई घरी सापडतो.

तर पुढच्या रविवारी नांदेडहून एसटीनं येऊन, स्टँडवरून ऑटो करून दोघं आमच्या इमारतीच्या जिन्यात पोचले. नेमके त्याच वेळी डॉक्टर हेल्मेट काढत जिना चढत होते. सासूबाईंनी त्यांच्या खांद्याची पिशवी बघितली आणि विचारलं, "तुम्ही दुसऱ्या मजल्यावर चाललात का? वकीलबाईंकडं?"

"हाव. मी डॉक्टर."

सासूबाईंनी कठडा धरला. "डॉक्टर? कसं हाय तिचं?"

डॉक्टरांना वाटलं, शेजारच्या मावशी दिसतात, खेळाची आवड दिसते. ते मनापासून म्हणाले, "कसं असणार, मावशी. सहा जणांनी तुडवलं तिला. दारातच. मी तर गेली म्हणूनच सांगितलं होतं. पण वहिनी ऐकून घेईनात, अपील करून राहिल्या. आज बघू काय जमतंय का."

"सहा जणं?" मामा म्हणाले.

"सहा. पण नवऱ्याचा तसा दोष न्हाई हो. तो तवा आत बेशुद्ध होता."

मामांनी बाही वर सारली.

मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात सोललेल्या शेंगांची वाटी होती आणि तोंडात दोन-तीन दाणे. समोर सासूबाई, मामा आणि त्यांच्यामागं हसतमुख डॉक्टर. मी वाकून पाया पडायला गेलो तर सासूबाई मला ओलांडून आत गेल्या. बायको ओले केस पुसत बाहेर आली. सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडं वळवला, मग एक दंड बघितला, दुसरा बघितला, मान बघितली.

"आई? तू कशी काय? मामा पण?"

"कुठं लागलंय?"

"कुणाला?"

मामा मला म्हणाले, "जावईबापू, बसा." मी बसलो. त्या आवाजापुढं भले भले बसत असणार. "आमच्या घरच्या पोरीवर आजपर्यंत कुणी हात उचलला न्हाई. आता तुम्ही सांगा, ती सहा जणं कोण होती?"

"सांगाडे," मी म्हणालो.

डॉक्टर दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मग बायकोच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला, "अगं आई, फोनवर मी," एवढं म्हणाली आणि खाली बसली. पुढची काही मिनिटं तिघं एकाच वेळी खुलासा करत होतो, त्यामुळं कुणालाच काही कळत नव्हतं. शेवटी बायकोनं कोर्टातल्यासारखं एकेक मुद्दा सांगितला. खेळ, किल्ला, धूर, बटण.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. त्यांच्या हातात एक मोठी कापडी पिशवी होती, घडी केलेली, अगदी रिकामी. ती त्यांनी सोफ्यावर ठेवली.

बायकोनं विचारलं, "ही रिकामी कशाला आणलीस?"

"तुझे कपडे भरायला."

मला आधी भयंकर लाज वाटली, काही न करता. मग वाटलं, पोरीचं एक वाक्य ऐकून ही बाई प्रश्न न विचारता पिशवी घेऊन एसटीत बसली. बायकोच्या बाजूनं असं कुणी आहे याचं मला बरं वाटलं. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मी पाणी आणलं. सासूबाई ते एका दमात प्यायल्या, कारण नांदेड सोडल्यापासून त्यांनी घोटभरही घेतलं नव्हतं. मग तांब्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, "कुठं मेलीस ते दाखव."

किल्ल्याचा नकाशा खडू-चिंचोक्यांसकट अजून टेबलावर तसाच होता. दोघं बहीण-भाऊ खुर्च्या ओढून बसले. मामांचा अर्धा राग अजून अंगात होता आणि तो कुठंतरी लावणं भाग होतं. त्यांनी बैठकच सुरू केली.

"हे खडू कुणाचे?"

"माझे," मी म्हणालो.

"चिंचोके?"

"माझे," बायको म्हणाली.

"दोघांत आधीचं काही वाकडं होतं का?"

"न्हाई मामा, त्यांची ओळखच नव्हती," बायको म्हणाली.

"मग भांडले कशावरून?"

डॉक्टर म्हणाले, "मामा, तोच घोळ हाय. त्यांना डोकं न्हाई."

"डोकं नसलेल्यांचीच भांडणं मिटवत आलोय मी," मामा म्हणाले. "तरी बी दोघांना काहीतरी पाहिजे असतं. ह्यांना काय पाहिजे?"

डॉक्टर विचारात पडले. मग त्यांना एक युक्ती सुचली. माझ्या मते त्यांना अपिलाचा निकाल स्वतः द्यायचाच नव्हता. ते म्हणाले, "असं करू. मावशी, तुम्ही सांगाडे व्हा. मामा, तुम्ही भुंगे. हुकूम तेवढा ध्यानात ठेवायचा, बाकी मनात काही आणायचं न्हाई. काय करता ते सांगा, फासा मी टाकतो."

सासूबाईंनी हुकूम दोनदा वाचून घेतला. मामांनी चिंचोके तळहातावर घेऊन जोखले, दारासमोर मांडले, घसा साफ केला आणि खडूंना म्हणाले, "नमस्कार. जरा सरकता का, आम्हाला आत जायचंय."

"मामा, भुंगा बोलत न्हाई."

"गुणगुणतो की."

"गुणगुणा मग."

मामा गुणगुणले. त्यांनी तोंड मिटून इतका खरा आवाज काढला की बायको टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. शाळा तपासणीला अधिकारी आल्यावर बसत असतील तशा ताठ बसल्या होत्या.

"भुंगे दारात आले," डॉक्टर म्हणाले. "सांगाडे काय करतात? मारतात ना?"

"का म्हणून?"

"येऊ द्यायचं न्हाई म्हणून."

"ह्यात मारा असं कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं. "आमच्या शाळेच्या शिपायाला मी बत्तीस वर्षं हेच सांगितलं, कुणाला आत सोडू नको. त्यानं कधी कुणाला मारलं न्हाई. दारात उभा राह्यचा. माझे सांगाडे उभे राहतात. खांद्याला खांदा लावून."

मी बायकोकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण तिच्या भुवया वर गेल्या होत्या.

"मामा, तुम्ही?"

"ढकलतो."

"चावत न्हाई?"

"चावायचं जादूगाराला हाय. हे न्हाईत जादूगार."

"भिंतीवरून चढून जाता का? भुंगे हायत तुम्ही."

"दारातून जा म्हणलंय," मामा म्हणाले. "दुसऱ्याच्या भिंतीवर मी चढत नसतो."

डॉक्टरांनी फासा टाकला. सांगाडे हलले नाहीत. परत टाकला. भुंगे मागं हटले नाहीत. तिसऱ्या वेळी एक सांगाडा अर्धा पाऊल सरकायची वेळ आली, आणि पायाशी तर हिरवं बटण होतं. डॉक्टर खडू उचलून बटणावर ठेवायला लागले तसा सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"तिथं माझी पोरगी हाय."

"मावशी, सांगाड्याला पोरगी नसती," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "त्याला कळतच न्हाई खाली कोण हाय."

सासूबाईंनी त्यांचा हात सोडला. मग म्हणाल्या, "बरं, न्हाई कळत. पण पाय कुठंतरी ठेवायचाच हाय ना? तो बटणाच्या अलीकडं ठेवला तर तुमच्या कुठल्या नियमात बसत न्हाई?"

डॉक्टरांनी पिशवीतलं नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं, चाळलं, ठेवून दिलं. "तसा नियम न्हाई."

सासूबाईंनी सहाही खडू एकेक करून उचलले आणि बटणाच्या दोन्ही बाजूंना असे मांडले की बटणाला धक्का लागू नये. खूप सावकाश मांडले. बायकोचं हसणं थांबलं होतं. मामांनीही आपले चिंचोके बोटानं जरासे मागं घेतले आणि ढकलणं चालूच आहे असं जाहीर केलं.

आता डॉक्टरांची पंचाईत झाली. सांगाडे उभे, भुंगे ढकलतात, कुणाचं कुणाशी वैर नाही, आणि हे कितीही वेळ चालू शकतं. मामा मधूनमधून गुणगुणत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हा काय गोंधळ हाय ते बघायला जादूगार बाहेर येतो."

"येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर जाणाऱ्याला अडवा असा हुकूम न्हाई." त्यांनी दोन खडू बाजूला केले आणि डॉक्टरांच्या काळ्या सोंगटीला, म्हणजे जादूगाराला, वाट दिली.

"मामा, जादूगार तुमच्या समोर हाय."

मामांचा हात पुढं गेला आणि थांबला. "आधी आत जायचंय, मग चावायचंय. आत कुठं गेलोय मी अजून?"

बायको ओरडली, "मामा, चावा की!"

"तू बेशुद्ध हायस," मामा म्हणाले.

जादूगारानं अंगणात चक्कर मारली. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्याची जादूची काठी आत राहिली आहे. ते सहज म्हणाले, "तो काठी आणायला परत आत जातो," आणि सोंगटी दाराकडं सरकवली. सासूबाईंनी दोन खडू परत जागेवर ठेवले.

"कुणालाही," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, त्याचाच किल्ला हाय."

"असंल. मला तर काही माहीतच न्हाई. मी सांगाडा."

समोरून सांगाडे सरकेनात. मागून भुंगे ढकलतच होते, त्यांना मध्ये कोण आलंय याचं देणंघेणं नव्हतं. डॉक्टरांनी सोंगटी डावीकडं नेली, उजवीकडं नेली, आणि तिथंच सोडली. जादूगार दारात चेपला गेला. त्याची काठी आत, तो बाहेर, आणि त्याला मारायची कुणाचीच इच्छा नाही. डॉक्टरांनी बायकोसाठी फासा टाकला, शुद्ध येते का बघायला. वीस आले. सगळ्यांनी पुढं वाकून आकडा बघितला.

"वहिनी, तुम्ही डोळे उघडलेत."

बायको उभी राहिली. खरोखरची, खुर्ची मागं ढकलून. "भुंग्यांनो," ती म्हणाली, "आत जायचं राहू द्या. आत्ताच चावा."

मामांनी आठही चिंचोके काळ्या सोंगटीवर ओतले.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, काय झालं म्हणून. एवढा आरडाओरडा झाला होता.

जेवताना मी सगळ्यांसमोर बायकोला सांगितलं, की तुझंच बरोबर होतं, त्यांना एकमेकांशी भांडायचं काही कारण नव्हतं. तिनं मला एक भाकरी जास्त वाढली. सासूबाईंनी तिला एवढंच बजावलं, की फोनवर बोलताना आधी कोण मेलं ते सांगत जा, मग कुणी मारलं ते. मामांनी डॉक्टरांना आपल्या एका गाईचं दुखणं विचारून घेतलं. गाय दोन वेळचं खाते पण दूध देत नाही. डॉक्टर म्हणाले, येऊन बघावं लागेल.

आता सासूबाई नांदेडहून फोनवर व्हिडिओ लावून खेळतात. सांगाडा व्हायला परत कधीच तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, एक दिवस डोकं बाजूला ठेवलं ते पुष्कळ झालं. त्यांनी किल्लेदारीण घेतली आहे, हातात किल्ल्यांचा जुडगा असलेली. मामा नांदेडला आले की शेजारी बसतात आणि मध्येमध्ये सल्ला देतात, तो सासूबाई ऐकत नाहीत. गेल्या रविवारी डॉक्टरांनी त्यांच्यासमोर तीन तोंडांचा अजगर आणला. सासूबाईंनी त्याला बजावलं, "तिन्ही तोंडांनी एकदम बोलू नका. आधी डावीकडचं बोलेल." डॉक्टरांनी फासा हातात घेतला, थोडा वेळ खुळखुळवला, आणि न टाकताच खाली ठेवला.